भर दुपारचं लाईट हाऊस

साळवे सर,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी जो फ्लेक्स लावला होता, त्यावर तुमच्या फोटोमागे लाईट हाऊस होतं. रात्रीचं. काळा समुद्र, उसळलेल्या लाटा आणि मनोऱ्याच्या टोकातून निघालेला पिवळा झोत थेट तुमच्या डाव्या कानापर्यंत. खाली मोठ्या अक्षरांत ‘ज्ञानाचा दीपस्तंभ हरपला’. अमोलने मोबाईलवर चित्र शोधलं असणार आणि फ्लेक्सवाल्याने ते जोडून दिलं असणार. वडील गेल्यावर चार दिवसांत मुलाने आणखी काय काय बघायचं, त्यामुळे त्याला मी बोल लावत नाही. पण तुम्ही तिथे असतात तर हात मागे बांधून फ्लेक्ससमोर उभे राहिला असतात आणि मला म्हणाला असतात, “बाई, परत लाईट चालू राहिली.”

ही पानं मी ओवी आणि निषादला पाठवणार आहे. माझी ही दोन्ही नातवंडं कॅनडात समुद्राकाठच्या गावात वाढतात, माझ्या हातचं मराठी अजून वाचतात आणि तुम्हाला त्यांनी फोनवर दोनतीनदाच पाहिलं आहे. त्यामुळे तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही मला इथे सांगाव्या लागतील. शाळेच्या मीटिंगमध्ये माझ्या सूचना दुसऱ्यांदा ऐकताना तुम्ही खिडकीबाहेर बघत बसायचात, तसे बसा.

नगरच्या एकाच शाळेत आपण सव्वीस वर्षं शिकवलं. मी इंग्रजी, तुम्ही चित्रकला. शेवटची काही वर्षं मी मुख्याध्यापिका होते. आपला एकमेकांशी पटण्याचा पाया कलेचा नव्हता, टापटिपीचा होता. तुमच्या वर्गात ब्रश धुऊन, टोक वर करून, आकारमानाप्रमाणे ठेवलेले असत. माझ्या कपाटात फायली तशाच. स्टाफरूममध्ये आपल्या दोघांनाच दुसऱ्याच्या पेनाचं टोपण उघडं दिसलं की चैन पडत नसे.

तुम्ही जामखेडचे. तिकडे पिण्याचं पाणी टँकरने येतं आणि तुम्ही मात्र फळ्यावर, पुठ्ठ्यावर, परीक्षेच्या वेळापत्रकामागे सारखा समुद्र काढत असायचात. मी पहिल्याच वर्षी त्याचं कारण विचारलं होतं. तेव्हा कळलं, की मॅट्रिक झाल्यावर तुम्ही एका ठेकेदाराबरोबर रंगकामाला कोकणात गेला होतात आणि दोन वर्षं तिकडेच होतात. बंगले रंगवले, एक डाकबंगला रंगवला आणि मग एका लाईट हाऊसचं काम निघालं. खारा वारा मनोऱ्यावर रंग टिकू देत नाही, म्हणून ठरावीक वर्षांनी तो खरवडून पुन्हा रंगवावा लागतो. वरच्या कठड्याला दोर बांधायचे, दोरांना फळी, फळीवर माणूस. पहिला महिना तुम्ही नुसतं खरवडत होतात. मग पांढरा पट्टा, मग लाल.

मनोऱ्याला पट्टे कशासाठी, हे मला माहीत नव्हतं. मी इंग्रजी साहित्य घेऊन एम.ए. केलं होतं. लाईट हाऊस म्हणजे काय, यावर मी उभ्या उभ्या तासभर बोलू शकत होते, पण पट्टे मला शोभेचे वाटत होते. तुम्ही सांगितलंत, “दिवसा होडीवाल्यानं ओळखायचं कसं कुठल्या गावाला आलो ते? प्रत्येकाचे पट्टे वेगळे. लाईट हाऊसला युनिफॉर्म असतो, बाई. दिवा रात्रीपुरता. दिवसाचं काम रंगानं करायचं.”

संध्याकाळी वरचा माणूस दिवा लावायला चढायचा, त्याच्या आत तुम्हा लोकांना फळीवरून खाली यावं लागे. त्यामुळे त्या इमारतीशी तुमची ओळख झाली ती दिवसाउजेडी. पुढे चित्रशिक्षकाची पदविका, एटीडी केलीत, नोकरीला लागलात, पण तुमच्या चित्रांतलं लाईट हाऊस कायम भर दुपारचं राहिलं.

आता मुख्य गोष्ट. ती मी कुणाला सांगितलेली नाही, घरातही नाही.

एका दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आपल्या सभागृहात स्टेजमागची भिंत रंगवलीत, ऑइल पेंटने. सुट्टीभर तुम्ही त्या शिडीवर होतात. सुट्टी संपल्यावर पाहिलं तर ज्वारीच्या पिठाच्या रंगाचं आकाश, करडा समुद्र, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं लाईट हाऊस, खाली डावीकडे एक होडी. वरची काचेची खोली रिकामी, चकाकणारी. मी म्हटलं, सर, दिवा लावायचा राहिला की. तुम्ही म्हणालात, “दुपारचे बारा वाजलेत, बाई.”

मी तेव्हा वाद घातला. शाळेच्या भिंतीवर लाईट हाऊस असतं ते काही अर्थ सांगण्यासाठी, मुलांना त्यातून प्रकाश दिसला पाहिजे, वादळ दिसलं पाहिजे, आशा दिसली पाहिजे. तुम्ही हसलात आणि डबे आवरायला लागलात.

मग स्नेहसंमेलन आलं. प्रमुख पाहुणे शिक्षणावर बोलणार होते आणि त्यांनी विषय कळवला होता त्यात दीपस्तंभ हा शब्द होता. पाहुणे ज्याच्याबद्दल बोलणार ते त्यांच्या पाठीमागे विझलेलं, हे मला सहन होईना. तुम्ही दोन दिवस चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या कामाला दुसऱ्या शाळेत होतात. स्वागताचे फलक लिहायला आलेल्या पेंटरला मी सांगितलं, त्या दिव्यातून होडीपर्यंत एक झोत काढून द्या. पोर्चला लावून उरलेला पिवळा डिस्टेंपर होता. त्याने तो घेतला आणि विजेरीचा उजेड पडावा तसा रुंद, तिरका पट्टा काचेच्या खोलीपासून मनोऱ्यावरून खाली आणला. खऱ्या दिव्याचा झोत असा उतरत नाही, हे मला तेव्हाही दिसत होतं. तरी मी ‘छान’ म्हटलं.

तुम्ही परत आलात त्या सकाळी मी सभागृहाच्या दारात होते. तुम्ही भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिलात. मग वळून मला विचारलंत, “पाहुणे किती वाजता येणारेत?” आणि खुर्च्या लावायला लागलात. पाहुणे त्या झोताकडे हात करून करून बोलले. टाळ्या पडल्या. तुम्हीही वाजवल्यात.

त्यानंतर तुम्ही शाळेच्या एकाही भिंतीला ब्रश लावला नाहीत. प्रदर्शनं केलीत, मुलांना बक्षिसं मिळवून दिलीत, फळ्यावरचे सुविचार वर्षानुवर्षं लिहिलेत. भिंतीचं नाव काढलं की म्हणायचात, भिंतींचं वय झालं, आता त्यांना रंग नको. आणि अधूनमधून, मधल्या सुट्टीत, सभागृहावरून जाताना माझ्या ऑफिसात डोकावून, “बाई, लाईट चालू आहे तुमची.” मी हसायचे. तुम्हीही हसायचात. मी ते हसण्यावारी नेलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की माणूस थट्टा करतोय म्हणजे विसरला.

माफी मागायची राहिली. कारणं मी पुष्कळ देऊ शकते. मुख्याध्यापिकेने सजावटीच्या गोष्टीत काय माफी मागायची, हे पहिलं. नंतर इतके दिवस झाले, आता कशाला, हे दुसरं. दोन्ही कारणं मी विद्यार्थ्यांकडून कधी चालवून घेतली नसती.

निवृत्तीनंतर आपण दोघं सावेडीतच, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. शुक्रवारी चारला तुम्ही चहाला यायचात. पायात चपला, हातात पिशवी, पिशवीत कधी शेवग्याच्या शेंगा, कधी वहिनींनी केलेली शेंगदाण्याची चटणी. ह्यांच्या पश्चात माझ्या घरी वेळेवर येणारे तुम्ही आणि दूधवाला असे दोघेच होतात. हे तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, “दूधवाला उशिरा येतो.”

मागच्या हिवाळ्यात ओवीचा फोन आला. तिच्या शाळेत प्रकल्प होता, जुन्या सागरी चित्रांतलं लाईट हाऊस आणि त्याचा अर्थ. आजीने उत्साहाने मोठं पुस्तक काढलं. कॅम्पातून बदली होऊन गेलेल्या एका लष्करी साहेबाच्या विकायला काढलेल्या सामानात ते मला मिळालं होतं, युरोपातल्या समुद्रचित्रांचं, उशीएवढं जाड. मी ओवीला मुद्दे सांगितले. वादळात कलंडलेलं जहाज म्हणजे माणसाचं आयुष्य. लांबवर बारीकसा दिवा म्हणजे श्रद्धा. काही चित्रांत तो दिवा म्हणजे राज्यसत्ता, आम्ही जागे आहोत असं सांगणारी. पडका, विझलेला मनोरा असेल तर मृत्यू. ओवीने सगळं लिहून घेतलं, तिच्या शाळेतल्या बाईंनी तिला चांगला शेरा दिला.

पुढच्या शुक्रवारी मी ते पुस्तक तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही चहा गार होईपर्यंत पान न् पान बघितलंत. रंग नाही बघितलात, माणसं मोजलीत. इथे जहाजावर बारा जण, दोर ओढताहेत. इथे किनाऱ्यावर सात बायका, त्यांतली एक हात जोडून. इथे होडीत तिघे. शेवटचं पान मिटून चष्मा काढलात.

“अख्ख्या पुस्तकात लाईट हाऊसवर एक माणूस नाही, बाई. दिवा लावला कुणी?”

मी म्हटलं, ते प्रतीक आहे. प्रतीकात माणूस घातला की ते प्रतीक राहत नाही, बातमी होते.

“मग आमी बातमीच काढतो म्हणा की,” तुम्ही म्हणालात. तापलात की तुमच्या तोंडी जामखेड यायचं, तेव्हाही आलं.

पुढे कित्येक शुक्रवार तोच वाद चालला. तुमचं म्हणणं, हे सगळे चित्रकार एक तर जहाजावर उभे होते नाही तर काठावर. मनोऱ्यावर उभं राहून एकानेही बघितलं नाही. वरून बघितलं असतं तर कळलं असतं, की ते बांधणाऱ्याने आशा वगैरे काही बांधलेलं नसतं. तिथे खडक आहे, एवढंच ते सांगतं. या म्हणत नाही, लांबून जा म्हणतं. माझं म्हणणं, बुडणाऱ्याला जे वाटतं तेही खरंच असतं, आणि चित्र पाहणारे आपण सगळे थोडेफार बुडणाऱ्यांतलेच. त्यावर तुम्ही एकदा “हे बरोबर आहे,” म्हणालात. सव्वीस अधिक इतकी वर्षं, त्यात हे वाक्य मी तुमच्याकडून दोनदा ऐकलं असेल. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी कप धुताना चक्क खूश होते.

शेवटच्या शुक्रवारी तुम्ही दारात चपला घालताना थांबलात. म्हणालात, “बाई, हॉलमधलं ते चित्र एकदा जवळून बघा. शिडी लावून.”

मी म्हटलं, सर, या गुडघ्यांना शिडी नको. सुचवायचं असेल ते इथेच सांगा.

तुम्ही म्हणालात, “इथून दिसायचं नाही.” आणि गेलात.

मला तेव्हा विचारता आलं असतं. तुम्ही माझ्यापुढे दार उघडलं होतंत आणि मी गुडघ्यांचं बोलले. पुढच्या शुक्रवारी चारला मी दोन कप मांडले होते तेव्हा अमोलचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला मला बोलायला सांगितलं होतं. मी दोन पानं लिहून नेली होती, समास सोडून, मुद्देसूद. त्यात दीपस्तंभ हा शब्द तीन वेळा होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या प्रतिमेपुढे मेणबत्त्या लागल्या, पंचशील झालं आणि लोक बसत असताना कमलवहिनींनी मला खुणेने शेजारी सतरंजीवर बोलावलं. पांढऱ्या साडीत त्या एकदम लहान दिसत होत्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी विचारलं, “बाई, हॉलातला त्यो पिवळा पट्टा हाय का अजून?”

आहे म्हटलं.

“त्येच्याखाली ते हायेत. दोरावर.”

मला कळलं नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. त्या दिवाळीत तुम्ही त्या मनोऱ्यावर कठड्याच्या खाली स्वतःला काढलं होतंत, अंगठ्याएवढं. फळी, बादली, ब्रश, सगळं. वहिनींना आणि पोरांना आणून दाखवणार होतात. परीक्षेचं काम आलं, म्हणून म्हणालात, आल्यावर नेतो. आल्यावर काय झालं होतं ते मला ठाऊक आहे.

मी विचारलं, मला कधी बोलले का नाहीत?

“म्या बी तेच म्हनलं. पान्याचा रंग हाय, वल्या फडक्यानं निघंल, जावा नि पुसून टाका. तर म्हनले, ज्यांनी लावला त्यांनी काढावा.”

सर, तेव्हा मला त्या पेंटरला सांगितलेलं वाक्य शब्दशः आठवलं. झोत कुठून कुठे, ते सांगून झाल्यावर मी म्हटलं होतं, आणि त्या कठड्याखाली एक डाग दिसतोय, तोही त्यातच झाकून घ्या.

मी तुम्हाला डाग समजले. खालून, स्टेजसमोरून, चष्मा लावून. ज्या बाईला दुसऱ्याच्या पेनाचं टोपण उघडं दिसायचं, तिला माणूस दिसला नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी पानं घडी घालून पर्समध्ये ठेवली. उभी राहून एवढंच म्हटलं, की मी साळवे सरांबरोबर सव्वीस वर्षं काम केलं आणि त्यांचं चित्र नीट बघितलं नाही. आणि बसले. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. अमोलने पाणी आणून दिलं.

तुमच्यावर मी दोन दिवस रागावले होते, हेही लिहून ठेवते. एका वाक्याचं काम होतं. ‘बाई, तिथे मी आहे.’ मी त्याच दिवशी पुसून घेतलं असतं. पाहुण्यांच्या आधी नसतं घेतलं कदाचित, नंतर नक्की घेतलं असतं. तुम्ही ते वाक्य अडवून धरलंत आणि मला वर्षानुवर्षं हसू दिलंत. ही काय शिक्षा झाली? तिसऱ्या दिवशी राग ओसरला. मी तुमच्या जागी असते तर चहाला आले असते का, असा विचार मनात आला. शुक्रवारी चार वाजता, हातात चटणी घेऊन. नसते आले.

आताचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्यांनी परवानगी दिली, कारण विचारलं नाही. काल सकाळी मी वहिनींना रिक्षात घेऊन शाळेत गेले. शाळेला सुट्टी होती. जुने शिपाई मारुतीमामा पुढच्या वर्षी निवृत्त होतील, त्यांनी शिडी धरली. मी चढेन असं त्यांना वाटलं नव्हतं. “मॅडम, मी पुसतो की,” दोनदा म्हणाले. वहिनी त्यांना म्हणाल्या, “त्यास्नीच चढू द्या.”

सहा पायऱ्या चढले. गुडघे दुखले, त्यात विशेष काही नाही. ओलं फडकं लावल्याबरोबर पिवळा रंग पिठासारखा सुटायला लागला. ऑइल पेंटवर डिस्टेंपर धरतच नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. वहिनी खालून बादलीत फडकं पिळून देत होत्या, मी वर पुसत होते. आधी दोन दोर निघाले, केसाएवढे बारीक. मग फळीची कड. मग पाय निघाले, अनवाणी, पोटऱ्यांवर लाल रंगाचे थेंब. मग पांढरा बनियन, डोक्याला गुंडाळलेलं फडकं, पुढे केलेला हात आणि हातात ब्रश. तुमच्या पुढ्यातला लाल पट्टा अर्धाच होता, सर. त्या कडेला अजून पांढरं होतं. झोताखाली एवढ्या वर्षांत तेही कुणाला दिसलं नव्हतं.

तुमचं तोंड भिंतीकडे आहे, त्यामुळे चेहरा नाही. वहिनींनी मात्र खालूनच ओळखलं. खांदा असाच एका बाजूला पडायचा, म्हणाल्या.

बनियनवर पाठीच्या जागी थोडा पिवळा राहिला. ब्रशच्या रेघांत बसला होता, निघेना. मी मामांना साबण आणायला सांगितलं.

“राहू द्या, बाई,” वहिनी म्हणाल्या. “दुपारचं ऊन हाय ते.”

होडीपर्यंतचा बाकीचा झोत मामा पुसणार आहेत. भिंतीचं पुढे काय होईल, सांगता येत नाही. तिथे प्रोजेक्टरसाठी पांढरा पडदा रंगवायचा विचार आहे असं मुख्याध्यापक म्हणाले. मी त्यांना काही सुचवलं नाही. भिंतींबद्दल सूचना देण्याचा माझा अधिकार मी वापरून संपवला आहे. वहिनींनी त्यांच्याशी बोलायचं ठरवलं आहे, आणि वहिनी बोलल्या की पुष्कळ गोष्टी होतात.

मी लगेच उतरले नाही. एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्या हाताने शिडी धरली होती. तुम्ही माझ्यापासून वीतभर अंतरावर होतात. इतक्या वर्षांत म्हणायचं राहिलं होतं ते मी तिथे म्हटलं, मोठ्याने, मामा आणि वहिनी ऐकत असताना.

“सर, माझं चुकलं.”

तुमची पाठ माझ्याकडे होती. तुम्ही कामात होतात.